चुकण्यासाठी एक कॉम्प्युटर

“ताईचं आता काई खरं नाही. नव्या सिस्टीमवर त्याईचा हात नाही बसत. म्या खामगावच्या एका ऑपरेटरले इचारून ठेवलं हाये.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी टेबलाखाली होते. यूपीएसची पिन सैल झाली होती, ती बसवायला गुडघ्यांवर आत शिरले होते. बाहेरच्या खोलीत प्रेसचे मालक विनोदभाऊ कागदवाल्याशी बोलत होते आणि आत कोणी आहे हे विसरले होते. माझ्या बाबतीत असं नेहमी होतं. कुठेही गेले की लोक आधी ‘मॅडम, मॅडम’ करून पाणी देतात, आणि थोड्या वेळानं मी तिथे आहे हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. दुकानादुकानातलं पुष्कळ कानावर पडतं. ते तिथेच सोडून यायचं, एवढं मी पाळते.

पण ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं त्या, प्रेसमधलं टायपिंग करणाऱ्या निर्मलाकाकू मागच्या मोरीवर चहाचे कप विसळत होत्या, आणि थोड्याच वेळात हात पुसत याच टेबलापाशी येऊन बसणार होत्या. पिन बसली होती तरी मी टेबलाखालून लगेच निघाले नाही.

मी शेगावची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यापासून तिथल्याच एका सर्व्हिसच्या दुकानात काम करते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे लॉज, शाळा, कृषी केंद्रं, दवाखाने आणि जळगाव जामोदचा हा प्रेस. तिकडे जायचं काम आलं की मी पिशवीत लॅपटॉप टाकून एसटी पकडते. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. शाळेत मराठी बोलायचं नाही, घरी सगळे वऱ्हाडी बोलणार, आणि मी मनात शब्द जुळवेपर्यंत दोन्हीकडे विषय बदललेला असायचा. त्यामुळे गप्प राहायची सवय लागली. कॉम्प्युटरची त्याला हरकत नसते.

‘कामाबद्दल लिहा’ असं मला सांगण्यात आलं, तेव्हा वाटलं, माझ्या कामात सांगण्यासारखं काय आहे? व्हायरस काढला, प्रिंटर चालू केला, वायरी बदलल्या. पण एक काम असं आहे जे मी आवडीनं करते, आणि ते लोकांना समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. इथे कोणी समोर बसून बघत नाहीये, तेव्हा सांगून पाहते.

कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी जे जागं होतं आणि बाकीच्यांना कामं वाटून देतं त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आमची गिऱ्हाइकं नुसती ‘सिस्टीम’ म्हणतात. काही वर्षांनी सिस्टीम जुनी होते. कंपनी तिच्याकडे लक्ष देणं थांबवते आणि नवीन यंत्रं तिच्याशी बोलेनाशी होतात. मग नवी टाकावी लागते. याची लोकांना फार धास्ती असते आणि ती खोटी नाही. आपल्या स्वयंपाकघरात कुणी सगळे डबे हलवून ठेवले तर मीठसुद्धा सापडत नाही, तसं होतं. शिवाय एखादं जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर उघडेलच याची खात्री नसते. एकदा बदललं की परत फिरणं म्हणजे डोकेदुखी.

म्हणून मी आधी आहे त्याच कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर उभा करते. खराखुरा नव्हे. मूळ कॉम्प्युटरची थोडी मेमरी, थोडी डिस्क वेगळी काढून द्यायची, की पडद्यावरच्या एका चौकटीत तो सुरू होतो आणि आपण स्वतंत्र यंत्र आहोत असं समजून वागतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात नवी सिस्टीम टाकायची आणि काय चालतं, काय अडतं ते बघून घ्यायचं. आतल्याचं काहीही बिघडलं तरी बाहेरच्याला धक्का लागत नाही. आमच्याकडे नवीन बियाणं आलं म्हणून कोणी सगळं वावर त्याच्या हवाली करत नाही. बांधाकडच्या दोन ओळी पेरतात आणि पाहतात. माझे वडील शेती करत नाहीत, पण हे उदाहरण त्यांनीच मला दिलं आणि ते सगळीकडे चालतं.

यात आणखी एक सोय आहे. आतला कॉम्प्युटर व्यवस्थित चालू असताना त्याची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवता येते. मी त्याला ‘फोटो काढणं’ म्हणते. पुढे कितीही गोंधळ झाला तरी एक बटण दाबलं की तो फोटोतल्यासारखा होतो. मधलं सगळं पुसलं जातं.

हे पुसलं जाणं लोकांच्या पटकन ध्यानात येत नाही. शेगावातल्या एका लॉजच्या मॅनेजरकाकांना मी असा आतला कॉम्प्युटर लावून दिला आणि ‘फक्त सरावासाठी’ असं दोनदा सांगितलं. त्यांना नवी सिस्टीम एवढी आवडली की गर्दीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांच्या नोंदी त्यांनी त्यातच केल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि नेहमीप्रमाणे त्याला मागच्या फोटोवर नेलं. लगेच काकांचा आरडाओरडा सुरू झाला.

“मॅडम, काय केलं हो? पाहुने खोल्याइत झोपून हायेत, अन् कम्प्युटर म्हनते लॉज रिकामा!”

नोंदवहीत नावं होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मी फोटोवर जाण्याआधी आत कोणाचं काही आहे का ते पाहते. काका मात्र मला अजून ‘लॉज रिकामा करणारी’ म्हणूनच ओळखतात. भर रस्त्यात हाक मारून म्हणतात.

तर प्रेस. विनोदभाऊंनी पत्रिका छापायला नवीन रंगीत यंत्र घेतलं होतं आणि ते नव्या सिस्टीमशिवाय चालणार नव्हतं. अडचण काकूंच्या सॉफ्टवेअरची होती. जुन्या काळातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सोबत पेनड्राइव्हएवढं एक कुलूप. ते कॉम्प्युटरच्या मागे लावलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नव्या सिस्टीमच्या आत जुनी सिस्टीम ठेवता येईल का, असं उलटंही मी करून पाहिलं, पण ते कुलूप आतल्या कॉम्प्युटरला ओळखायलाच तयार नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं. त्या सॉफ्टवेअरमधली अक्षरं सुंदर होती. त्यातला गुबगुबीत ‘ळ’ मला आता कुठेच दिसत नाही.

त्या अक्षरांची एक रीत होती. जी जोडाक्षरं कीबोर्डवर मावत नव्हती ती ऑल्टचं बटण दाबून आकडे टाकले की उमटायची. प्रत्येक जोडाक्षराचा आकडा वेगळा. काकूंना स्वतःच्या मुलीचा मोबाइल नंबर पाठ नाही, पण हे आकडे त्यांच्या बोटांना पाठ होते. समोरच्या गिऱ्हाइकाशी भांडता भांडता त्या अख्खी पत्रिका टाइप करायच्या. नव्या सिस्टीमला त्या आकड्यांचा काही पत्ता नाही. तिथे जोडाक्षर अक्षराला अक्षर जोडून बनवावं लागतं.

ज्यावर बॅनरचं काम व्हायचं तो कॉम्प्युटर जरा दमदार होता. त्यात मी आतला कॉम्प्युटर उभा केला. काकूंच्या हाताला सवय होती तसा, टाइपरायटरच्या धर्तीचा कीबोर्ड त्याला जोडून दिला, म्हणजे निदान साधी अक्षरं जुन्या जागीच सापडतील. मग काकूंना बोलावलं. भाऊ त्यांना ताई म्हणतात, मी काकू म्हणते.

“हे काय वं पोरी? कम्प्युटरच्या पोटात कम्प्युटर?”

“हो.”

“अन् यात चुकलं तं?”

“काही होत नाही. मी परत आधीसारखं करते.”

“म्हंजे कोनाले दिसत नाही?”

“नाही.”

त्यांनी चष्मा चढवला. काकू कुठलंही काम ‘श्री’ लिहिल्याशिवाय सुरू करत नाहीत. लग्नपत्रिका असो, वाढदिवसाचं बॅनर असो, की तेरवीचं कार्ड, पानाच्या डोक्यावर आधी श्री. जिथे नको असेल तिथला शेवटी काढून टाकायचा, पण सुरुवात त्यानंच. त्यांची बोटं सवयीनं ऑल्टवर गेली, आकडे पडले आणि पडद्यावर एक रिकामा चौकोन आला. पुन्हा केलं, पुन्हा चौकोन.

“जिथी श्रीच उमटून नाही राह्यला, तिथी म्होरं काय लिहू?” म्हणून त्या उठल्याच.

भाऊ दारातून हसले. “अवं ताई, कम्प्युटर नवा हाये, देव तं तोच हाये नं!”

“तू चूप बस. तुले टाइप कराले म्याच शिकवलं याच टेबलावर. तवा तुये पाय जमिनीले टेकत नव्हते.”

भाऊ चूप बसले, पण त्यांचं मन तिथेच ठरलं असावं. टेबलाखाली मी जे ऐकलं ते यानंतरच्या खेपेला.

मधे एकदा भाऊंचा आमच्या दुकानात फोन आला. स्वतःच आतल्या कॉम्प्युटरवर बसून पाहत होते. “मॅडम, बान चौकटीत अडकला! भाईरच निघून नाही राह्यला!” आतल्या कॉम्प्युटरनं माऊस एकदा धरला की कधी कधी तो सोडत नाही. मी म्हटलं, “उजवीकडचं कंट्रोल दाबा.” पलीकडे बटणांची खटखट, मग “निंगाला, निंगाला!” असा आवाज आणि फोन बंद. माझ्या दुकानातल्या सरांनी विचारलं, “कोण निघालं?”

एप्रिलमध्ये मला नेहमीच्या आधीची गाडी मिळाली आणि मी भर दुपारी प्रेसवर पोचले. त्या वेळी भाऊ जेवायला घरी जातात आणि शटर अर्धं खाली ओढलेलं असतं. आत कोणीतरी कोणालातरी रागावत होतं.

“आता कसा आला? आँ? आता कसा आला?”

मी वाकून शटरखालून आत गेले. काकू एकट्याच होत्या. बॅनरच्या कॉम्प्युटरवर, त्या चौकटीत. समोर पूर्ण पत्रिका तयार होती. वर श्री, खाली कुलदेवता, मग नवरदेव-नवरीची नावं, मामांची रांग, लग्नस्थळ. नावं कुठल्यातरी मनातल्या लग्नाची असावीत. बाण चौकटीत अडकला, तेव्हा त्यांनी न बघता उजवीकडचं कंट्रोल दाबलं. मग त्यांना मी दिसले.

मीच विचारलं, “कधीपासून?”

“तू लावून गेली नं, दुसऱ्याच दिवसापासून. हा जेवाले गेला का बसते.”

“भाऊंना दाखवा ना.”

“काऊन दाखवू? याच्या बापाच्या टायमापासून मी इथी हावो. याच्यासमोर चुकू काय? आदी हात पुरा बसू दे. मंग त्याले आपोआप दिसते.” मग माझ्याकडे रोखून बघत, “तू कोनाले सांगू नको.”

मी मान हलवली.

“तू तं तशीबी कोनाले काई सांगत नाही म्हना. तुया मायले तरी समजते का तू घरी आली म्हनून?” त्या हसल्या आणि पडद्याकडे बोट केलं. “आता हे पुसून टाक. जसं होतं तसं कर.”

मी फोटोवर नेलं. पत्रिका, मामा, श्री, सगळं गेलं. काकूंनी समाधानानं पदर सावरला आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या, जसं काही झालंच नाही.

त्या क्षणी मला माझं काम जेवढं कळलं तेवढं डिप्लोमात कळलं नव्हतं. मी समजत होते की हा आतला कॉम्प्युटर सॉफ्टवेअर तपासायला आहे. काकूंनी तो चुकायला वापरला. अख्ख्या गावात त्यांना चुकायला दुसरी जागा नव्हती.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. खामगावच्या ऑपरेटरची. सांगितली असती तर त्यांनी घाईनं सराव केला असता, किंवा रागानं सोडूनच दिला असता. सांगायला हवी होती का, ते मला अजून नक्की ठरवता येत नाही. मी दुसरंच केलं. पुढच्या दोन-तीन खेपांना भाऊ विचारायचे, “मॅडम, झालं का टेस्टिंग? टाकायची का सिस्टीम?” सगळं केव्हाच झालं होतं. मी म्हणायचे, “थोडं बाकी आहे, रंगीत यंत्राचं एक बघायचं आहे, मग टाकू.” भाऊंसमोर मी तोवर बोललेलं बहुधा ते सगळ्यात लांब वाक्य.

पण लग्नसराई कोणासाठी थांबत नाही. एका शनिवारी गेले तर भाऊ वाटच पाहत होते.

“आज आखरी, मॅडम. हे पाहा, एक खरी पत्रिका आली हाये. ताई, तुमी मॅडमच्या त्या आतल्या कम्प्युटरवर एवढी करून दाखवा. जमली तं सोमवारी सगळ्याइवर नवी सिस्टीम, अन् तुमीच बसा. नाही तं मले खामगावले फोन कराव लागते. राग नका मानू, सीझन हाये.”

काकूंनी खामगावचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“कायचा राग?” एवढंच म्हणाल्या आणि बसल्या.

भाऊ त्यांच्या मागे उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, मान पुढे काढून. भाऊ वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच पाहायचं होतं. पण त्यांचा श्वास काकूंच्या केसांना लागत असेल एवढ्या जवळ ते उभे होते. काकूंनी पदराला हात पुसले. बोटं कीबोर्डवर आली, क्षणभर थांबली आणि सरळ ऑल्टवर गेली.

रिकामा चौकोन.

खोडलं. पुन्हा चौकोन. तिसऱ्यांदा बोटं मधेच अडखळली, अर्धं अक्षर नव्या रीतीनं आलं आणि अर्धं जुन्या. काकूंच्या मानेवर घाम दिसायला लागला. मला तो घाम ओळखीचा होता. शाळेत एकदा मला स्टेजवर भाषणासाठी उभं केलं होतं. घरी आरशासमोर अख्खं पाठ होतं. तिथे समोरच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पहिलाच शब्द सापडेना. बाईंनी पुढच्या मुलीला बोलावलं. मला येत होतं, हे सांगायलाही माझ्याकडे शब्द नव्हता.

“राहू द्या ताई,” भाऊ हळू आवाजात म्हणाले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “उगाच तुमालेबी तरास. मॅडम, तुमीच सांगा आता. ताईले जमते का नाही? फोन लावू का?”

काकूंनी तेव्हा मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘सांग’ असं काही नव्हतं. उलट, मी जेवढं पाहिलं होतं तेवढं पोटातच ठेव, असंच ती सांगत होती.

पुढचं सगळं सरळ झालं, ते आधी सांगून टाकते. खामगावला फोन गेला नाही. सोमवारी मी सगळ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली आणि काकू आजही त्याच खुर्चीवर आहेत. आता लोक मोबाइलवर मजकूर पाठवतात, तो नव्या सिस्टीममध्ये तसाच उतरतो, पुन्हा टाइप करावा लागत नाही, म्हणून गिऱ्हाइकांशी भांडायला त्यांना जास्त वेळ मिळतो. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “आमच्या ताईनं तं बसल्या बैठकीत शिकून घेतलं,” आणि काकू तेव्हा फार गंभीर चेहऱ्यानं प्रिंटरमध्ये कागद भरत असतात. आतला कॉम्प्युटर मी काढायला गेले, तर त्यांनी काढू दिला नाही. भाऊ जेवायला गेले की त्या आता त्यात बॅनरचं डिझाइन शिकतात.

पण त्या शनिवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. भाऊंचा अंगठा मोबाइलवर होता. ‘त्यांना येतं, मी पाहिलं आहे’ असं म्हटलं असतं तर काकूंना दिलेला शब्द गेला असता, आणि पडद्यावर चौकोन दिसत असताना त्यावर विश्वास कोणी ठेवला असता? ‘जमत नाही’ म्हणणं खोटं होतं. उरलं माझं नेहमीचं उत्तर, ‘बघते’. गिऱ्हाइकानं काहीही विचारलं की मी तेच म्हणते आणि भाऊ त्याचीच वाट पाहत होते. मी लॅपटॉपची पिशवी खाली ठेवली, खुर्चीच्या पाठीवरचे त्यांचे हात पाहिले आणि म्हटलं,

“भाऊ, तुम्ही मागे उभे राहून राह्यले, म्हणून त्यांना जमून नाही राह्यलं. बाहेर जाऊन बसा. पत्रिका झाली की मी आवाज देते.”